मार्चात छत्री, अगं बाई!

ऐकलंत का? थांबा, आधी बसून घ्या. ही गोष्ट उभ्या उभ्या ऐकण्यासारखी नाही.

पाडव्याला आठवडा होता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. सकाळचे साडेदहा. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिना उतरल्या, चाळीच्या दारात थांबल्या, पिशवीत हात घातला आणि सगळ्या गॅलऱ्यांच्या देखत त्यांनी छत्री उघडली.

छत्री! मार्चात! गिरगावात!

आमच्याकडे छत्री सात जूनच्या सुमारास माळ्यावरून उतरते, दसऱ्याच्या साफसफाईत परत माळ्यावर चढते. एरवी तिला कुणी ओळखही दाखवत नाही. त्यामुळे वहिनी नाक्यापर्यंत पोचायच्या आतच पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी कुकरची शिट्टी वाजत ठेवून गॅलरी गाठली. ‘कुणाचं तरी देणं असेल, तोंड लपवतायत.’ कोपऱ्यातल्या मावशी हळूच म्हणाल्या, ‘दिवस गेलेत. दृष्ट लागू नये म्हणून.’ वहिनींचा मुलगा यंदा बारावीला आहे, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मात्र निकालच दिला : ‘उन्हाला भिते ती कोकणातली नव्हेच.’

दोन दिवसांनी गुपित फुटलं. वहिनींच्या दोन्ही गालांवर वांग उठला होता. वांग, वांगं नव्हे. वांगं भरीत करून संपवता येतं. वांग कपाळावर, गालांच्या उंचवट्यावर, वरच्या ओठावर तपकिरी नकाशा काढून बसतो आणि घरभाडं न देणाऱ्या जुन्या भाडेकरूसारखा हलायचं नाव घेत नाही. वहिनींनी त्याच्यावर म्हणे उपाय सुरू केला होता, आणि त्या उपायाचा पहिला भाग होता छत्री.

आता तुम्ही म्हणाल, एका बाईच्या छत्रीवरून एवढा गहजब कशाला? अहो, एक बाई असती तर मी तुमचा चहा थंड होऊ दिला असता का? सगळं गाव बिघडलंय! लोकलच्या बायकांच्या डब्यात बघा. परवा मी अंधेरीहून परत येत होते. संध्याकाळचे पाच, वांद्र्याच्या पुढे पश्चिमेकडची खिडकी रिकामी झाली. त्या खिडकीसाठी पूर्वी बायकांनी एकमेकींचे कूळ काढलेले मी या कानांनी ऐकलंय. समोरची बाई उठली नाही. मला म्हणाली, ‘तुम्हीच बसा ताई, मला पिगमेंटेशन आहे.’ मला वाटलं, बिचारीचं डोकं फिरलं. तेवढ्यात शेजारची म्हणाली, ‘मलाही नको.’ दादर आलं तरी खिडकी रिकामी! लोकलच्या बायकांच्या डब्यात, गर्दीच्या वेळी, खिडकी रिकामी! याहून वेगळा कलियुगाचा पुरावा कुठला हवा?

आणि त्यांची ती भाषा. ‘नियासिनमाइड’ असं म्हणतात की वाटावं सासरकडचा पुतण्या आहे. ‘अ‍ॅझेलाइक मला सूट झालं नाही, कोजिकवर आलेय,’ हे वाक्य मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एका सत्तरीच्या बाईंच्या तोंडून ऐकलं. पूर्वी त्याच कट्ट्यावर गुडघे आणि सुना एवढेच विषय असत. रानडे रोडला ब्लाउजपीस घ्यायला गेलेल्या बायका हल्ली येताना ब्लाउजपीस विसरतात, सिरम विसरत नाहीत. हळदीकुंकवाला वाण म्हणून सनस्क्रीनची पिटुकली ट्यूब मिळाली मला यंदा. मी ती लाजेने फ्रिजच्या वर ठेवली, जिथे माझ्याकडची सगळी न कळणारी वाणं असतात.

आमच्या आजींच्या काळी काय होतं? सहाण होती. जायफळ दुधात उगाळायचं, गालाला लावायचं, आणि सून कामाला लागायची. गरोदर बाईच्या तोंडावर काळपट आलं की आळीतल्या जाणत्या बायका त्यावरून मुलगा की मुलगी ते ठरवून मोकळ्या व्हायच्या. निम्म्या वेळा बरोबरही यायचं, दोनच पर्याय असल्यावर दुसरं काय होणार! कुणाच्या मते वांग म्हणजे पित्त, कुणाच्या मते लिव्हर, कुणाच्या मते नवऱ्याशी पटत नाही.

हे शेवटचं मात्र अगदीच हवेतलं नाही बरं का. वांग हा शब्द संस्कृतातल्या ‘व्यंग’ वरून आलेला. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत हा व्यंग आहे : चेहऱ्यावरचा, न दुखणारा, पातळ, काळपट डाग. आणि कारण काय दिलंय माहितेय? क्रोध आणि आयास. म्हणजे राग आणि दगदग. आता चाळीच्या नळावर पाणी भरून, डबे करून, नऊ बाराची लोकल पकडणाऱ्या बाईच्या आयुष्यात या दोहोंखेरीज तिसरं काय असतं? त्या हिशेबाने मध्य मुंबईतली एकही बाई कोऱ्या गालाने फिरायला नको.

माझी एक भाची डॉक्टरकी शिकते. तिला मी जेवायला बोलावलं, पुरणपोळीवर तूप सढळ हाताने वाढलं आणि मग विचारलं, ‘खरं सांग, ही काय भानगड आहे?’

भानगड अशी. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांचं कामच उन्हापासून आपलं रक्षण करायचं. ऊन पडलं की त्या रंगाची छत्री उघडतात. वांगात या पेशी चेहऱ्याच्या ठरावीक भागात अतिउत्साही होतात, थोडं ऊन दिसलं तरी धो धो पाऊस असल्यासारख्या छत्र्या उघडत सुटतात. त्यामागे तिघांचं संगनमत असतं : ऊन, शरीरातली संप्रेरकं आणि घराण्याचा वारसा. म्हणून तो गरोदरपणात उठतो, गर्भनिरोधक गोळ्यांवर उठतो, आणि आईला असला की लेकीकडे यायची शक्यता वाढते. पुरुषांनाही होतो, पण कमी. आणि झाला तर ते त्याला ‘साइटवर ऊन लागलं’ म्हणतात. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या लोकांत तो जास्त दिसतो. लिव्हरचा संबंध नाही. नवऱ्याचा संबंध सिद्ध करता येत नाही.

‘मग जातो कशाने?’ मी पुढे सरसावले. भाची म्हणाली, ‘मावशी, जातो असं म्हणायचंच नाही. ताब्यात राहतो. मधुमेहासारखं समज.’ मी तूप वाढायचं थांबवलं. एवढं तूप घालून हे उत्तर?

पण इथेच तर खरी खमंग बातमी आहे. ‘ताब्यात राहतो’ हे ऐकायला कुणी तयार नाही. सगळ्यांना तो पुसून हवाय, तोही लग्नाच्या आत, गणपतीच्या आत, पुढच्या रविवारच्या आत. आणि पुसून देतो म्हणणाऱ्यांची या मुंबईला कधी वाण पडली नाही. भायखळ्याच्या पाटणवालांनी 1919 मध्ये ‘अफगाण स्नो’ काढला, तेव्हापासून इथल्या बाईच्या गालावर काही ना काही पांढरं चढतंच आहे. परळच्या एका छोट्याशा जागेत 1952 मध्ये पेंढारकरांनी ‘विको’ सुरू केली. पुढे त्यांनी हळदीचं क्रीम आणलं, आणि ते सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावरून सरकारशी अबकारी कराचा कज्जा झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि औषध म्हणून विकोच्या बाजूने लागला. लग्नाआधी नवरीला लावायची हळद, आणि तिच्यावर वकील!

मग 1975. ते साल लक्षात ठेवा. त्या साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आलं आणि पुढची पंचेचाळीस वर्षं टीव्हीवरची मुलगी उजळ झाली की तिला नोकरी, नवरा आणि बापाचा अभिमान असं सगळं एकदम मिळत राहिलं. 2020 मध्ये कंपनीने नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या ‘शादी डॉट कॉम’ने रंगानुसार स्थळं चाळायची चाळणी काढून टाकली. आमच्या काकू म्हणतात, ‘चाळणी काढली, पण चाळणाऱ्या आहेतच ना!’ काकू स्वतःच्या मुलासाठी सून बघतायत, त्यामुळे त्यांना माहिती असणारच.

आणि त्याच 1975 मध्ये, सातासमुद्रापार फिलाडेल्फियात, अल्बर्ट क्लिगमन नावाच्या त्वचातज्ज्ञाने तीन औषधांचं एक मिश्रण प्रसिद्ध केलं : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. वांगावर ते चांगलं चालतं. आजही डॉक्टर त्याच घराण्यातली औषधं देतात, मात्र मोजक्या आठवड्यांसाठी आणि नजर ठेवून. यातलं हायड्रोक्विनोन म्हणजे कोण, कळलं तर थक्क व्हाल. दादरच्या जुन्या फोटो स्टुडिओंच्या अंधाऱ्या खोलीत कृष्णधवल फोटो ज्या द्रावणात बुडवून उमटवायचे, त्या द्रावणातलं रसायन! फोटोत ते काळं उमटवायचं, गालावर काळं थोपवतं. पण वर्षानुवर्षं चोळत राहिलं तर उलटतं, निळसर काळा, कायमचा डाग देतं. फोटोच्या द्रावणातही वेळ चुकली की चेहरा काळाठिक्कर व्हायचा, तसंच.

डॉक्टरने मोजून द्यायचं हे मिश्रण आमच्याकडे कसं पोचलं? सांगते. इथून पुढे आवाज जरा खाली.

आमच्या चाळीत प्रत्येक गोष्टीची चर्चा होते. कुणाची सून किती वाजता आली, कुणाच्या गॅसवर काय शिजतंय, कुणाच्या मुलाला किती टक्के. फक्त एक गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नाही : तोंडाला काय लावते ते. ते कानात सांगायचं. ट्यूब पदराखालून द्यायची. नाव कागदावर लिहून द्यायचं आणि कागद फाडून टाकायचा. सोन्याची तस्करीही एवढ्या गुप्ततेने होत नसेल.

मला अशी ट्यूब पार्लरवाल्या एका ताईंनी दिली. हो, मला. काय बघताय? माझ्याही वरच्या ओठावर मिशीसारखी छटा आली होती, आणि नात्यातल्या एका लग्नात करवली म्हणून मिरवायचं होतं. ‘रात्री वाटाण्याएवढं, कुणाला सांगू नका, सगळ्याच मागतील,’ ताई म्हणाल्या. मी सांगितलं नाही. दहा दिवसांत छटा फिकी! तीन आठवड्यांत गाल असे गुळगुळीत की लग्नात मावससासू मला नवरीची धाकटी बहीण समजली. मी धन्य झाले. ट्यूब संपली की केमिस्टकडे जायचं, नाव सांगायचं, तो चिठ्ठी न मागता द्यायचा. असे आठ महिने गेले.

मग गाल लाल व्हायला लागले. चहाच्या वाफेने आग, फोडणीच्या वाफेने आग. हनुवटीवर बारीक पुरळ. गालावर लाल धाग्यांसारख्या शिरा. ट्यूब सोडून बघितली तर चार दिवसांत चेहरा असा पेटला की घरच्यांनी विचारलं, मिरची पूड उडाली का? परत लावली की शांत. आता सांगा, ज्याच्यावाचून राहवत नाही आणि सोडलं की अंगाची आग होते, त्याला क्रीम म्हणतात की व्यसन?

त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब उलटी करून, मी आठ महिन्यांत एकदाही न वाचलेली बारीक अक्षरं मला मोठ्याने वाचायला लावली. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड सूज मारतं, रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून चेहरा झटपट उजळल्यासारखा दिसतो. पण महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, केस वाढतात, आणि सोडायला गेलं की उसळी. आपल्या देशात अशा चेहऱ्यांची रांग इतकी लांब आहे की भारतीय त्वचातज्ज्ञांनी त्याला वेगळं नावच दिलंय : स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. सरकारने 2018 मध्ये त्वचेला लावायची चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत टाकली. माझा केमिस्ट त्या यादीबद्दल इतका अनभिज्ञ होता की त्याने मला दोन ट्यूबवर एक कंगवा फुकट दिला.

मी माझ्या तोंडाने माझी नामुष्की सांगितली, आता लोकांची सांगायला मोकळी झाले. माझ्या ट्यूबवर निदान नाव होतं. त्याहून वरताण असते ती बिननावाची डबी. गुलाबी झाकण, आत लोण्यासारखं क्रीम, वर काहीही लिहिलेलं नाही. ‘बाहेरून येतं,’ एवढंच कळतं. बाहेरून म्हणजे परदेशातून की मागच्या गल्लीतून, ते विचारायचं नसतं.

2023 च्या सुरुवातीला पेपरात आलेली बातमी आठवतेय? अकोल्याची एक कॉलेजात शिकणारी मुलगी. पार्लरमधून गोरेपणाचं क्रीम आणलं. फरक पडला, कौतुक झालं, मग आईनेही लावलं, बहिणीनेही. थोड्याच महिन्यांत तिघींचीही मूत्रपिंडं बिघडली. एका घरात तिघींना एकच दुखणं, आणि घराण्यात कुणाला नाही! तपासाचा माग लागला तो इथेच, आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात. क्रीम तपासलं, त्यात पारा निघाला. पारा कातडीचा रंग बनवणारी यंत्रणा बंद पाडतो, म्हणून उजळल्यासारखं वाटतं. मग तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. केरळात मलप्पुरमकडच्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनीही हेच पाहिलं : 2021 ते 2023 मधल्या मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराच्या बावीस रुग्णांपैकी पंधरा जणांत एक दुर्मीळ खूण सापडली, आणि त्या पंधरांतल्या तेरा जणांनी गोरेपणाची क्रीमं लावल्याचं कबूल केलं.

सुश्रुत म्हणाला, व्यंगाचं कारण क्रोध. आणि आपण त्यावर उपाय म्हणून गालाला पारा चोळतो. पारा चढायचा राहतो कसा?

कायद्याने गालाला लावायच्या क्रीमात पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत राहिलाच तर दहा लाखांत एक भाग, एवढीच सूट. पण कायदा वाचणार कुठे? डबीवर नावच नाही, तर कायद्याने कुणाच्या दारावर थाप मारायची?

आणि ज्यांना डब्या-ट्यूबा कमीपणाच्या वाटतात, त्यांच्यासाठी सलाइन आहे. हो, लग्नाआधी नवरीला सलाइन! पूर्वी नवरीला केळवणं असायची, आता ग्लुटाथायोनच्या बाटल्या असतात. आपल्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या आहे : चोळायचं, ओतायचं, शिंपडायचं, फवारायचं वगैरे. टोचायचं हा शब्द त्यात नाही. म्हणजे गोरेपणासाठी शिरेत सोडलेली बाटली सौंदर्यप्रसाधनात बसत नाही, आणि त्या कामासाठी औषध म्हणून तिला परवानगीही नाही. घरात डेंग्यू झाल्याशिवाय आम्ही कधी सलाइन बघितलं नव्हतं हो!

आणखी एक ऐका, हे ताजं आहे. पाळीत अंगावरून जास्त गेलं की डॉक्टर एक गोळी देतात, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची. जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांच्या नवऱ्याने 1962 मध्ये ते औषध शोधलं, बाळंतिणींचा रक्तस्राव थांबावा म्हणून. ते वांगावरही उपयोगी पडतं हे पुढे लक्षात आलं, आणि डॉक्टर निवडक रुग्णांना कमी मात्रेत देतात. देण्याआधी विचारतात : रक्ताची गाठ झाली होती का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? आमच्याकडे एकीने ही गोळी थोरल्या जावेच्या डब्यातून उचलून महिनाभर घेतली. पाळीची गोळी, गालासाठी, जावेच्या डब्यातून, आणि जावेला न विचारता! यातला सर्वांत मोठा गुन्हा कुठला, यावर चाळीत दोन तट पडले. बहुमत ‘न विचारता’ला मिळालं. भाचीला विचाराल तर ती म्हणेल, डॉक्टरलाही न विचारता.

बरं, सगळं काळं म्हणजे वांगच, असंही नाही. आमच्या काकू मुलाच्या मानेवरचा काळा पट्टा दगडाने घासायच्या, ‘आंघोळ नीट करत नाही मेला.’ तो मळ नव्हता. मान आणि काखा अशा मखमली काळ्या होतात तेव्हा पुष्कळदा शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालेलं असतं. साखर तपासायची असते. मुरमं फोडली की राहतात ते डाग वेगळे. केसांच्या कलपाने कपाळाच्या कडेला येणारा काळेपणा वेगळा. आणि कोपऱ्यातल्या मावशींच्या कपाळावर मधोमध पांढरा ठिपका पडला तेव्हा अख्ख्या चाळीने ‘कोड, कोड’ म्हणून कुजबुज केली होती. ती टिकलीच्या मागच्या डिंकाची करामत. काही टिकल्यांच्या गोंदातलं एक रसायन रंगाच्या पेशीच मारतं. टिकली बदलायला हवी होती, आम्ही मावशींच्या मुलीचं स्थळच बदलायला निघालो होतो. लिंबू चोळून उन्हात बसणाऱ्यांचं तर विचारूच नका : लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की भाजल्यासारखा काळा चट्टाच उठतो.

तर मग करायचं काय? हा प्रश्न मी शेवटी वहिनींनाच विचारला, नळावर, बादली भरेपर्यंत. इतक्या दिवसांत त्यांना हे विचारणारी मी पहिलीच. बाकी सगळ्या त्यांच्याबद्दल विचारत होत्या.

वहिनींनी सरळ सांगितलं. उन्हाचा बंदोबस्त आधी, क्रीमं नंतर. उन्हाचा बंदोबस्त नसेल तर बाकीचं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. सनस्क्रीन लावायचं ते टिकलीएवढं नव्हे. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि बाहेर असू तोवर दर दोन तासांनी पुन्हा. खिडकीची काच उन्हातले भाजणारे किरण अडवते, पण रंग चढवणारे बरेचसे आत येतात. शिवाय वांगाला नुसता दिसणारा उजेडही चेतवतो, आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो अडवू शकत नाही. त्यासाठी किंचित रंगाचं सनस्क्रीन लागतं. त्यात लोहाची संयुगं असतात.

‘म्हणजे गेरू!’ वरून आजी ओरडल्या. त्या ऐकत होत्या हे आम्हाला माहीतच होतं. आणि हो, तत्त्व तेच : तुळशीवृंदावनाला लावतो त्या गेरूचा तांबडा रंग लोहाच्याच संयुगाचा. फक्त वृंदावनावरचा उचलून गालाला फासायचा नाही, एवढं मी आजींना बजावलं. त्यांचा भरवसा नाही.

बाकी मग डॉक्टर सांगतील ते औषध, ते सांगतील तितकेच दिवस. गर्भारपणातला वांग पुष्कळदा बाळंतपणानंतर आपोआप फिकटतो, तेव्हा पोटुशीने कुठलीही ट्यूब मनाने लावायची नाही. ज्याने आग होते, सालं निघतात, ते ‘काम करतंय’ असं समजायचं नाही. डिवचलेली कातडी जास्तच काळवंडते. फरक पडायला महिने लागतात. आणि एवढं करूनही एका उन्हाळ्यात, एका गणपतीच्या रांगेत, तो पुन्हा डोकं वर काढतो.

‘मग उपयोग काय?’ मी म्हटलं.

वहिनी बादली उचलत म्हणाल्या, ‘केस पांढरे होतात म्हणून आपण विंचरायचं सोडतो का?’

मी काही बोलले नाही. माझ्या लाल गालांना नळाचं गार पाणी लावलं. मला एवढंच वाटत होतं, की मी त्यांना आठ महिन्यांपूर्वी विचारलं असतं, किंवा निदान ताईंची ट्यूब नळावर सगळ्यांना दाखवली असती, तर एखादीने तरी मागची बारीक अक्षरं वाचलीच असती. आमच्याकडे दुसऱ्याचं टपाल वाचणाऱ्या बायका आहेत, ट्यूब वाचली नसती? जी गोष्ट मी लाजून लपवली, तेवढ्याच एका गोष्टीला चाळीच्या चौकसपणाचा फायदा झाला नाही.

म्हणून मी ठरवलं, आता लपवायचं नाही. फ्रिजवरचं ते वाण खाली काढलं, भाचीकडून वाचून घेतलं, डॉक्टरांना दाखवलं. मग माळ्यावरून छत्री काढली. पाडव्याला गिरगावची शोभायात्रा. नऊवारी नेसून, नथ घालून, बायका उन्हात ढोल-ताशे वाजवतात, बुलेटवरून मिरवतात. त्या गर्दीत आम्ही दोघी, वहिनी आणि मी, नऊवारीवर काळ्या छत्र्या उघडून उभ्या. फोटो काढायला आलेल्या मुलांनी आम्हाला टाळून बाकी सगळ्यांचे फोटो काढले.

घरी आलो तर गॅलऱ्या भरलेल्या. एक छत्री हा योगायोग असतो, दोन छत्र्या म्हणजे थेट कटच. काकूंनी विचारलं, ‘तुम्हालाही?’ मी ओठावर बोट ठेवून दाखवलं : ‘हो, मलाही. इथे. शिवाय चुकीची ट्यूब लावून गाल भाजून घेतलेत. नाव सांगू?’ आणि भर चौकात मोठ्याने त्या ट्यूबचं नाव सांगितलं. तीन गॅलऱ्यांतून तीन बायका एकदम आत गेल्या. कपाटं उघडल्याचे आवाज इथपर्यंत ऐकू आले हो!

मग वरून आजींची हाक आली. उन्हाला न भिणाऱ्या, कोकणातल्या आजी. ‘अगं ए, उद्या लालबागला मिरच्या आणायला जायचंय. डंकावर मसाला कुटून होईपर्यंत दुपार होते. तुमच्यातली एक छत्री इथे ठेवून जा.’

‘आजी, तुम्हाला कशाला? तुम्ही कोकणातल्या ना!’

‘मला नको,’ आजी म्हणाल्या. ‘मिरच्यांना. उन्हाने रंग उडतो.’